जाहिरात बघून भरलेल्या घागरी

आमच्या घरात जाहिरात मधेच बंद करायची नाही, असा नियम होता. अप्पांच्या फोनवर खेळ चालू असताना जाहिरात आली आणि मी कोपऱ्यातल्या फुलीकडे बोट नेलं, की अप्पा माझा हात धरायचे. "थांब. पुरं बोलू दे त्याला." मी वैतागून म्हणायची, "अप्पा, तो काय माणूस हाय का? फोन हाय तो." पण अप्पांना ते पटायचं नाही. दिवसभर गिऱ्हाइकापुढं भांडी मांडायची आणि गिऱ्हाइकानं अर्ध्यातून उठून चालू लागायचं, हे ज्यानं आयुष्यभर सोसलंय, त्यानं दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडू नये, असं त्यांचं म्हणणं. "फुकट खेळून राहिलीस ना? मग तेवढं ऐकायला काय जातंय? त्याचंबी पोट हाय." आता माझी पोरगी फोन घेऊन बसते आणि जाहिरात आली की चिमटीत ढेकूण धरावा तशी फुली शोधते. तिला मी काही म्हणत नाही. म्हणायला गेलं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ती अजून लहान आहे.

देवणीत आमचं भांड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आम्ही. दुकानातून घरात यायला एक पडदा, आणि त्या पडद्यातून दिवसभर एकच आवाज आत यायचा, नाव घालायच्या मशीनचा. टर्रर्र, टर्रर्र, थोडं थांबून पुन्हा टर्रर्र. लग्नसराईत तर तो आवाज इतका कानात बसायचा, की बंद झाला की घर मुकं वाटायचं. पितळी घागर असो, स्टीलचा डबा असो, अप्पा तो मांडीवर आडवा धरून कागदावर न लिहिता सरळ नाव घालायचे. चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट. अक्षर असं, की लोक उदगीरचं दुकान सोडून आमच्याकडं यायचे. मी आणि अक्का आत बसून आवाजावरून ओळखायचो, नाव लांब आहे का आखूड. आई, आमची अव्वा, चुलीवर भाकऱ्या थापत म्हणायची, "दोघींनाबी काम न्हाई, धंदा न्हाई." आणि आमच्यापुढं सुशीलाची ताटली सरकवायची. मुरमुऱ्यावर दाण्याचा कूट आणि वरून पिळलेलं लिंबू. तसलं सुशीला नंतर मी लातूरच्या कुठल्याही गाड्यावर खाल्लं नाही, आणि शोधायचंही सोडून दिलं.

अक्काचं नाव सुजाता, पण अप्पा तिला गडू म्हणायचे. जन्मली तेव्हा ती म्हणे पाण्याच्या गडूएवढीच होती, गोल आणि घट्ट. मी मागून आले, त्यामुळं माझ्या वाट्याला वाटी आली. "गडू, वाटी, चला जेवायला." गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा भांडी मोजतोय. माळ्यावर एक मोठी पेटी होती, तिच्यात अक्काच्या लग्नाची भांडी जमत होती. धंदा जरा बरा झाला, की अप्पा एक भांडं बाजूला काढायचे आणि त्याच्यावर नाव घालायचे, चि. सौ. कां. सुजाता हिस, अप्पा-अव्वा. नवऱ्याच्या नावाला पुढं जागा सोडायचे. त्या पेटीत सगळ्यात आधी गेला होता तो एक छोटा पितळी गडू.

अक्का लातूरला नर्सिंग शिकली, नांदेडला एका दवाखान्यात लागली, आणि तिथंच रक्त तपासणाऱ्या एका मुलासोबत नोंदणी करून लग्न करून मोकळी झाली. मुलगा आमच्यातला, म्हणजे लिंगायत, नव्हता. दुसरी कुणी असती तर फोनवर सांगून टाकलं असतं. आमची अक्का त्याला घेऊन सरळ दुकानात आली. अप्पा कुणाच्यातरी डब्यावर नाव घालत होते. त्यांनी वर बघितलं, पोराला विचारलं, "काय पाहिजे?" त्यांना खरंच गिऱ्हाईक वाटलं होतं. अक्का म्हणाली, "अप्पा, आम्ही लग्न केलंय." मशीन चालूच होती. अप्पांनी हातातलं नाव पुरं केलं, डबा पुसला, बाजूला ठेवला. मग त्यांचं तोंड लाल लाल होत गेलं आणि त्यांना ठसका लागला. पडद्याआड मी आणि अव्वा नुसत्या उभ्या. अक्काच पुढं झाली, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. काकाही दुकानात होते, भावकीतले आणखी दोघं होते. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाले, "ह्या लिंगाची आण. तुझ्याशी बोलणार न्हाई आणि तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाई."

मला किती वेळा वाटलंय, तिच्या हातात त्या वेळी पाणी नसतं तर. नुसती उभी राहिली असती, रडली असती, पायावर पडली असती, तर ते दुसरं काहीतरी बोलले असते. चार शिव्या दिल्या असत्या, वर्षभर धुसफुसले असते, नातवंड झालं की विरघळले असते, जसं सगळ्यांच्या घरात होतं. पण तिच्या हातात पाणी होतं, म्हणून आण पाण्याची घेतली गेली. अक्कानं तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." तीसुद्धा त्यांचीच लेक, मागं वळून बघायची नाही.

अव्वा मठातल्या स्वामींना विचारून आली. स्वामी भले माणूस. म्हणाले, रागाच्या भरातली आण सुटते, पूजा करा, पोरीला घरात घ्या. अव्वानं घरी येऊन तसं सांगितलं. अप्पा जेवत होते. म्हणाले, "स्वामींच्या म्हणण्यानं सुटंल. माझ्या तोंडातनं गेलीया, ती माझ्याकडनं सुटायची न्हाई." मग अव्वानं ते घरात बोलायचं सोडलं. शेजारणीच्या फोनवरून अक्काशी बोलायला लागली. अप्पांना ते ठाऊक होतं. अव्वानं पदर सावरून चप्पल घातली, की ते उगाच मशीन चालू करायचे आणि रिकाम्या पत्र्यावर काहीतरी कोरत बसायचे.

पुढल्याच उन्हाळ्यात अप्पांना लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड जरासं वाकडं झालं. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, बोटं हलवत राहा, जितकी हलवाल तितकी सुटतील. एक रबरी चेंडू दिला दाबायला. अप्पांनी तो दोन दिवस दाबला आणि कोनाड्यात टाकला. "मी काय लेकरू हाय का?" मशीनचा आवाज बंद झाला. दुकान काका बघायला लागले, आणि नावं घालून घ्यायला लोक परत उदगीरला जायला लागले. अप्पा आत बाजेवर पडून पडद्याकडं बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी फोन उघडला. तो फोन अक्कानंच पहिल्या पगारातून त्यांना घेऊन दिलेला, आणि त्यात तिनंच घालून ठेवलेला एक शेतीचा खेळ होता. फुकटातला. बोटानं नांगरायचं, बोटानं पेरायचं, बोटानं कापायचं. मी म्हणलं, "अप्पा, हे करा. बोटंबी हलतील, वेळबी जाईल." आमच्या सात पिढ्यांत कुणी औत धरलं नव्हतं. अप्पा म्हणाले, "वाणी माणसाला शेती लावून राहिलीस व्हय गं?" पण फोन हातात घेतला.

त्या खेळात प्रत्येकाला एक रान असायचं आणि शेजारी ओळखीच्यांची रानं असायची. रानाला पाणी लागायचं, घागरीनं. घागर मिळायची तीन रीतींनी. पैसे भरून विकत घ्या, जाहिरात बघून फुकट भरून घ्या, नाहीतर शेजाऱ्यानं दिली तर घ्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना रान फिरवून दाखवत होते आणि बोट सरकलं तसं शेजारचं रान आलं. त्याच्यावर नाव होतं, गडू. पिकं सगळी पिवळी पडलेली. अप्पा बघत राहिले. मी फोन ओढून घेणार होते, भीतीच वाटली मला. तर ते म्हणाले, "हे शेजारचं रान वाळून चाललंय."

"हाव अप्पा."

"त्याला पाणी कसं द्यायचं?"

"जाहिरात बघावी लागती. मग घागर मिळती, ती वतायची."

"लाव."

एवढंच बोलणं झालं. त्या दिवसापासून सकाळची पूजा झाली, विभूती लावून झाली, की अप्पा बाजेवर टेकून बसायचे, डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरायचे आणि थरथरत्या बोटानं जाहिरात लावायचे. एक त्यांच्या रानासाठी, एक शेजारच्या. घरात सगळ्यांना कळत होतं ते रान कुणाचं. कुणी बोलायचं नाही. अव्वा तेवढं चहा आणून द्यायची आणि जाता जाता विचारायची, "शेजारचं पीक कसं हाय?" अप्पा म्हणायचे, "बरं हाय." लोक लेकीची खुशाली विचारतात, आमच्यात अशी विचारायचे.

जाहिरातींचं मात्र मला भयंकर डोकं फिरायचं, आजही फिरतं. दाखवणार एक खेळ आणि उतरवून घेतला की निघणार तिसराच. फुली इतकी बारीक, की धडधाकट माणसाचं बोट चुकावं, अप्पांचं तर काय. त्यांचं बोट फुलीच्या बाजूला पडायचं आणि फोनमध्ये पत्त्यांचे खेळ, गोरं करायच्या क्रीमची दुकानं, पाच मिनिटांत कर्ज देणारे कोण कोण येऊन बसायचे. मी दर आठवड्याला ते सगळं झाडून काढायची आणि त्या कंपन्यांना मनसोक्त शिव्या द्यायची. काका म्हणायचे, "चार पैसे फेकून टाका ना एकदा, जाहिराती बंद होतात म्हणं." अव्वाला एका जाहिरातीचा फार त्रास. तिच्यात एक बाई लेकराला घेऊन मोडक्या घरात बर्फात कुडकुडत बसलेली असायची आणि खेळणारा मुद्दाम चुकीची वस्तू तिला द्यायचा. अव्वा भाकरी टाकून यायची. "अगं बया, पांघरूण दे की तिला! कुणी काढलं हिला घराबाहेर?" अप्पा त्या वेळी मान खाली घालायचे. एरवी ते जाहिराती अशा बघायचे, जसा एक दुकानदार दुसऱ्या दुकानदाराकडं बघतो. "ह्यो किंमत सांगत न्हाई. किंमत न सांगणाऱ्याचं घेऊ नये." किंवा, "ह्यो लबाड हाय, दाखवतो एक, देतो एक. ह्याचं दुकान टिकायचं न्हाई." पण लबाडाचंसुद्धा पुरं ऐकायचे.

थोड्याच दिवसांत पलीकडूनही पाणी यायला लागलं. गडूच्या रानातून घागर आली, की खाली हिरवी खूण आणि लाल फुली यायची. घ्यायची तर हिरवी, परत पाठवायची तर लाल. अप्पा लाल दाबायचे. रोज. मग स्वतःच्या रानासाठी जाहिरात लावून बसायचे. मी एकदा म्हणलंच, "घ्या की अप्पा, आयतं आलंय." अव्वानं मला डोळ्यानं गप्प केलं. तिकडं अक्काला मात्र वाटायला लागलं होतं, की अप्पा निवळलेत. ती अव्वाला फोनवर म्हणायची, "रोज पाणी देतेत गं मला." आणि रडायची म्हणे. घेत का नाहीत, हे तिनं हळूहळू घेतील म्हणून सोडून दिलं होतं.

मग येळवस आली. आमच्या भागात त्या अमावास्येला गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. आम्हाला रान नव्हतं, आम्ही काकांच्या सासरवाडीच्या रानात जायचो, बोरोळच्या वाटेला. कडब्याची कोप, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, मडक्यातली आंबील, आणि भज्जी. वाटाणा, तूर, हरभरा, शेंगदाणे, पाला, सगळं एकत्र शिजवून केलेली ती दाट भज्जी बाजरीच्या उकडलेल्या उंड्यावर घेतली, की खाणाऱ्याला भान राहायचं नाही. त्या दिवशी लेकी-जावयांना आवर्जून बोलवतात. आजूबाजूच्या रानांतून लेकींच्या हसण्याचे आवाज येत होते, बायका एकमेकींना हाका मारत होत्या, "आली का गं तुझी?" अव्वा भज्जी वाढत होती आणि कुणाच्याही तोंडाकडं बघत नव्हती. अप्पांना लिंबाखाली खुर्ची टाकून दिली होती. मी त्यांना भरवत होते, तेवढ्यात फोन वाजला.

खेळात भेट आली होती. गडूकडून. वर्षभर जाहिरात नाही, पाणी कायम फुकट, शेजाऱ्यानं पैसे भरलेले आहेत. खाली हिरवी खूण, लाल फुली. मी वाचून दाखवलं आणि मला इतका आनंद झाला, की मी ताटच खाली ठेवलं. "अप्पा! अक्कानं पैसे भरले तुमच्यासाठी. आता जाहिराती न्हाईत, बोट चुकायचं न्हाई, काही न्हाई. दाबा हिरवं." अप्पांनी फोन मांडीवर घेतला.

"जाहिरात न्हाई, मग पाणी कुठनं येणार?" त्यांनी विचारलं.

"आपोआप येणार. रोज."

"कुणाच्या जिवावर?"

"अक्काच्याच की."

"मग ते तिच्या हातचं पाणी झालं." ते थांबले. त्यांना सलग बोलायला त्रास व्हायचा. "आण हाय वाटे. तिच्या हातचं प्यायचं न्हाई, म्हणलो होतो मी. तिला द्यायचं न्हाई, असं न्हवतो म्हणलो. म्हणून देतो."

मी भडकले. आजूबाजूला माणसं होती, पण मला राहवलं नाही. "खेळ हाय तो अप्पा! खोटं रान, खोटं पाणी! असली कसली आण?" ते माझ्याकडं बघून म्हणाले, "खोटं असतं तर मी रोज दिलं असतं का?" आणि त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. त्या बोटानं किती नको त्या जाहिराती उघडल्या होत्या, किती वेळा फुली चुकली होती. त्या दिवशी मात्र नेम बरोबर लाल फुलीवर बसला. मग त्यांनी तोंड फिरवलं, आणि मी पुसायला गेले तर म्हणाले, "धूर जातोय डोळ्यात." आमच्या कोपीपुढं चूल पेटलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर शेजारचं रान गेलेलं. गडू नाव नाही, पीक नाही, नुसती मोकळी माती. अक्कानं खेळ काढून टाकला होता. अव्वाजवळ फोनवर म्हणाली, "माझं पाणी नको, माझी भेट नको, तर त्यांचं पाणी मी कशाला घेऊ? मला काय लाज न्हाई का?" मी अव्वाच्या तोंडी निरोप धाडला, आणेमुळं झालंय, रागानं नाही. त्यावर अक्का म्हणाली, "त्यांना त्यांची आण मोठी, तर मलाबी माझं मन हाय." आणि त्या खेळाचं पुन्हा नाव काढू नको, म्हणून बजावलं. बाप तसा, लेक तशी, मधल्यामधे आम्ही दोघी.

मला वाटलं, आता अप्पा खेळ सोडतील. सोडला नाही. पूजा, विभूती, चहा, आणि मग मनगट धरून जाहिरात. स्वतःच्या रानापुरती एक, आणि मग दुसरी. दुसऱ्या जाहिरातीची घागर भरली, की ती वतायला रानच नव्हतं. ते ती बांधावर ठेवायचे. त्या खेळात वतली नाही तर घागर तशीच राहायची. रोज एक, बांधाला लागून. मी म्हणलं, "अप्पा, तिचं रान न्हाई आता." ते म्हणाले, "येईल. आली तर वाळलेलं नसावं." त्यानंतर दुसरी जाहिरात लागली, की मी समोरून उठून जायची. बर्फातली ती बाई कुडकुडत असायची आणि अप्पा तिचं पुरं होईस्तोवर बघत बसायचे, हे मला बघवत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरा झटका आला. लातूरला नेलं, चार दिवस ठेवलं, मग डॉक्टरांनीच सांगितलं, घरी न्या. वाचा पूर्ण गेलेली, तोंड उजवीकडं ओघळलेलं, डोळे मात्र उघडे आणि सगळं बघणारे. अव्वानं शेजारणीकडं न जाता घरातूनच, अप्पांच्या उशाशी बसून, अप्पांच्याच फोनवरून अक्काला फोन लावला. म्हणाली, "ये." अप्पांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. हो म्हणले का नाही म्हणले, कुणास ठाऊक.

अक्का दुपारी आली, नांदेडहून एसटीनं, एकटी. दुकानातून आत येताना पडद्यापाशी अडखळली. मी तिला आधी बाजूला घेतलं. मला वाटलं, ती अजून रागात असेल आणि तसंच राहिलं तर जन्मभर राहील. मी फोन उघडून तिच्या हातात दिला. अप्पांचं रान, त्याच्या शेजारी मोकळी माती, आणि बांधाला लागून घागरी. बोट सरकवावं तशा पुढं पुढं जाणाऱ्या. अक्का सरकवत गेली. "ह्या काय गं?" म्हणाली. मी म्हणलं, "तुझ्या. तू गेल्यावरबी रोज जाहिरात बघून भरत होते." ती खालीच बसली. तोंडात पदर कोंबला, आवाज होऊ दिला नाही. नर्स होती, रोग्याच्या खोलीबाहेर कसं रडायचं, हे तिला येत होतं.

आत गेलो तर अव्वा माळ्यावरून उतरत होती. तिच्या हातात तो पितळी गडू होता, पेटीत सगळ्यात आधी गेलेला. तिनं तो चिंचेनं घासला, पाणी भरलं आणि अक्कासमोर धरला. अक्का अप्पांच्या डाव्या बाजूला बसली, मी उजव्या. अप्पा तिच्याकडं बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते तर कधीपासूनच येत होतं, झटक्यापासून. अक्कानं त्यांची मान हातावर उचलून घेतली. असल्या माणसाला पाणी घाईनं पाजलं तर छातीत जातं, हे तिला माहीत. चमचाभरच घेतलं. "अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका. नुसतं प्या." आणि चमचा ओठाला लावला.

मी उजव्या बाजूला होते. ओघळलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून पाणी बाहेर आलं, गालावरून गेलं आणि उशीत मुरलं. सगळं. माझ्या डोळ्यांसमोर. तेवढ्यात अक्का म्हणाली, "प्याले! अव्वा, प्याले गं." अव्वानं दोन्ही हात जोडले, "शिवा, शिवा," म्हणत भिंतीला टेकली. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "हाव अक्का, प्याले." आणि ती गडू ठेवायला वळली तेव्हा मी अप्पांची मान उचलून उशी उलटी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गेले. आमच्या रीतीनं बसवून माती दिली, हातात तेच लिंग ठेवून. भांड्यांची पेटी अव्वानं अक्काला न्यायला आलेल्या गाडीत घातली. नवऱ्याच्या नावाला सोडलेल्या जागा तशाच मोकळ्या राहिल्या. त्या भरायला आता त्या अक्षराचा माणूस नव्हता.

आता अव्वाही नाही. मी लातुरात, अक्का नांदेडला. शेतीचा तो खेळ दोघींच्याही फोनवर आहे, अक्कानं परत घातला आणि रानाला नाव दिलं गडू. पैसे भरून जाहिराती बंद करायची आता दोघींचीही ऐपत आहे. कुणीच करत नाही. नवरा हसतो, म्हणतो, एवढ्या शिव्या घालतेस जाहिरातींना आणि बसतेस बघत. मागच्या येळवसला अक्का माझ्याकडं आली होती. भज्जी खाऊन झाली, आम्ही दोघी अंगणात फोन घेऊन बसलो. तिनं जाहिरात लावली आणि एकाएकी म्हणाली, "वाटे, अप्पांच्या गळ्याची घाटी हलली न्हवती त्या दिवशी. मी बघितलं होतं."

मी म्हणलं, "मग प्याले म्हणून कशाला म्हणलीस?"

"अव्वा समोर होती." मग म्हणाली, "तू उशी का उलटी केलीस?"

"तू समोर होतीस."

"गिळता येत न्हवतं का त्यांना," अक्का म्हणाली, "का नको होतं?" एवढी शिकलेली बाई, इतकी माणसं तिच्या हाताखालून गेली, आणि माझ्याकडं असं बघत होती जसं मला ठाऊकच असेल. मी म्हणलं, "मला न्हाई मालूम अक्का." फोनवर ती बर्फातली बाई आली होती, तीच, अजून तशीच कुडकुडत. कोपऱ्यात फुली आली. दोघींनी हात लावला नाही. जाहिरात पुरी झाली, अक्काची घागर भरली, आणि तिनं ती माझ्या रानाकडं पाठवली. माझ्या फोनवर हिरवी खूण आली. मी ती दाबली.